जिनिंगमधल्या सर्व्हरवर प्रॉक्समॉक्स टाकायच्या आधी

पोळा झाला की जिनिंगवाल्यांचे फोन सुरू होतात, भाऊ, कापूस यायच्या आधी तेवढा सर्व्हर करून द्या ना. काम एवढंच असते की ऑफिसातले तीन कॉम्प्युटर, एकावर टॅली, एकावर गाड्या तोलायच्या काट्याचं सॉफ्टवेअर अन् तिसऱ्यावर काय चालते ते मुनीमजीलाच माहीत, हे तिन्ही एकाच सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणारे कॉम्प्युटर, करून बसवायचे. ही मशीनं चालवणारं सॉफ्टवेअर म्हणजे प्रॉक्समॉक्स, ते इन्स्टॉल व्हायला म्हणाल तर चहा येईपर्यंतचा वेळ, दहा-पंधरा मिनिटं. तयारी मात्र चार दिवस खाते, अन् ती सुरू होते ब्लोअरपासून.

हो, ब्लोअर. जिनिंगमध्ये रुई उडते अन् ती फॅनच्या तोंडाशी अशी जमून बसते की हवाच आत जात नाही, म्हणून सर्व्हर आधी बाहेर नेऊन, उघडून, ब्लोअरनं निरा स्वच्छ करा अन् मंगच टेबलावर घ्या. जागा कापसाच्या गंजीकडच्या खिडकीपासून दूरची पाहा, अन् कूलरच्या तोंडासमोर तर अजिबात नको, मे महिन्यात आपल्याकडं पारा ४५ च्या वर जाते तेव्हा कोणीतरी दया येऊन कूलर सर्व्हरकडं फिरवतेच, अन् ती ओली हवा सरळ बोर्डावर बसते. झाकण उघडंच आहे तर सीआर२०३२ सेल पण बदलून टाका, वीस-तीस रुपयांचं काम आहे, नाहीतर सर्व्हरची तारीख चुकते अन् काट्याच्या पावतीवर भलतंच साल येते.

मंग वीज. इलेक्ट्रिशियनला बोलावून न्यूट्रल अन् अर्थिंगमधलं व्होल्टेज मोजून घ्या, दोन-तीन व्होल्टच्या वर दिसलं तर आधी अर्थिंग नीट करा, आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते अन् खड्डा कोरडा पडला की अर्थिंग नावालाच उरते. यूपीएस किती मिनिटं टिकते ते खरोखर प्लग काढून पाहा, बॉक्सवर लिहिलेलं पाहू नका. त्याला यूएसबी पोर्ट असेल तर नट नावाचं सॉफ्टवेअर टाकता येते, बॅटरी संपत आली की ते सर्व्हर शिस्तीत बंद करते.

बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होताना उघडते त्या सेटिंगमध्ये, दोनच गोष्टी. प्रोसेसर इंटेलचा असेल तर व्हर्च्युअलायझेशन टेक्नॉलॉजी अन् एएमडीवर एसव्हीएम चालू करा, जुन्या मशीनमध्ये हे बंदच असते. दुसरं, वीज गेल्यावर परत आली तर काय करायचं, तिथं 'पॉवर ऑन' ठेवा, 'लास्ट स्टेट' नको. काहून की यूपीएसनं सर्व्हर शिस्तीत बंद केला तर लास्ट स्टेट म्हणजे बंद, मंग वीज येऊनही तो उठणार नाही अन् सकाळी सहाला गेटवर गाड्या उभ्या राहतील.

आता काटा. सगळ्यात जास्त डोकं इथंच लावा राजेहो, बाकी चुकलं तर सुधारता येते. काट्याचा इंडिकेटर वजन पाठवते सिरीयल केबलवरून, आरएस२३२, अन् ती साधारण पंधरा मीटरच्या पुढं भरवशाची नाही. काट्याची केबिन गेटपाशी, सर्व्हर ऑफिसात, मधात अख्खं आवार. मागच्या साली मी स्वतः हे मोजायचं विसरलो अन् इन्स्टॉल झाल्यावर टेप घेऊन उन्हात फिरलो. तर आधी अंतर मोजा. जवळ असेल तर यूएसबी-सिरीयल केबल लावून तो यूएसबी व्हर्च्युअल मशीनला देता येते, दूर असेल तर केबिनमध्ये सिरीयल-टू-इथरनेट कन्व्हर्टर लागते, अन् त्याचं ड्रायव्हर तुमच्या जुन्या विंडोजवर चालते का ते विकत घ्यायच्या आधी विचारा. आवारातून लॅन केबल ओढायची असेल तर मी तरी फायबरच सांगतो, जूनमध्ये वीज कडाडली की तांब्याच्या केबलवरचे पोर्ट जळतात. जुन्या कॉम्प्युटरवर कॉम पोर्ट कितवा अन् बॉड रेट, म्हणजे डेटाचा वेग, किती, ते स्क्रीनचा फोटो काढून ठेवा.

सॉफ्टवेअरचं डोंगल असेल, म्हणजे तो पेनड्राइव्हसारखा तुकडा, तर तोही यूएसबीतून देता येते. दोन डोंगल एकाच मॉडेलचे असले तर नावावरून नाही, पोर्टवरून द्या, नाहीतर अदलाबदल होते. अन् लायसन्स जुन्या मशीनच्या हार्डवेअरला बांधलेलं असेल तर काटावाल्या कंपनीला आधीच फोन लावा, सीझनमध्ये ते उचलत नाहीत.

जुना कॉम्प्युटर आहे तसाच उचलायचा असेल तर मायक्रोसॉफ्टचं डिस्कटूव्हीएचडी चालवून त्याची फाईल मोठ्या यूएसबी डिस्कवर घ्या. विंडोज ७ ला २०२० च्या जानेवारीपासून अपडेट बंद आहेत, तेव्हा त्या मशीनला नेट देऊच नका. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग त्याच्या डीव्हीआरवरच राहू द्या, मालक कितीही म्हणो.

डिस्क दोन घ्या, सारख्या मापाच्या, अन् इन्स्टॉलरमध्ये झेडएफएस रेड१ निवडा, म्हणजे दोन्ही डिस्कवर तोच डेटा राहते. पण सर्व्हरमध्ये रेड कंट्रोलर असेल तर त्याचं रेड अन् झेडएफएस दोन्ही एकावर एक चढवू नका, एकच ठेवा. बॅकअपसाठी तिसरी डिस्क वेगळीच. इन्स्टॉलर निवडलेली डिस्क पूर्ण साफ करते, म्हणून इन्स्टॉल करताना डेटावाली डिस्क केबल काढून बाजूला ठेवलेली बरी. रॅम १६ जीबी असेल तर भागते, टॅलीच्या मशीनला सहा, काट्याला दोन, बाकी तिसऱ्या मशीनला, होस्टला म्हणजे खुद्द प्रॉक्समॉक्सला, अन् अडीअडचणीला.

कागदावर लिहून ठेवायचं: आयपी, राउटर आपोआप वाटते त्या रेंजच्या बाहेरचा, गेटवे, डीएनएस, अन् होस्टनेम, ते डॉटवालं पूर्ण नाव मागते. नाव विचार करून द्या, मशीन बनल्यावर बदलणं म्हणजे डोक्याला ताप. वायफायच्या भरवशावर राहू नका, केबलच पाहिजे.

प्रॉक्समॉक्स इन्स्टॉल करायची आयएसओ फाईल दीड-पावणेदोन जीबीची असते, ती अन् विंडोजला व्हर्च्युअल डिस्क अन् नेटवर्क ओळखता यावं म्हणून लागणारी व्हर्टआयओ ड्रायव्हरची फाईल तालुक्याच्या गावीच डाउनलोड करून चेकसम, म्हणजे फाईल धड उतरली का ते सांगणारा आकडा, जुळवून न्या. रुफस नावाच्या सॉफ्टवेअरनं पेनड्राइव्ह बनवत असाल तर त्यात डीडी मोड निवडा. इन्स्टॉल झाल्यावर ब्राउझरमध्ये आयपीच्या पुढं ८००६ पोर्ट टाका, सर्टिफिकेटची लाल सूचना येईल, घाबरू नका. सबस्क्रिप्शन घेतलं नसेल तर एंटरप्राइज रिपॉझिटरी, म्हणजे पैसे भरणाऱ्यांसाठीची अपडेटची जागा, बंद करून नो-सबस्क्रिप्शनवाली लावा, नाहीतर अपडेटला एरर येते. प्रत्येक मशीनला 'स्टार्ट ॲट बूट' टिक.

जुना काट्याचा कॉम्प्युटर मात्र दिवाळीपर्यंत तिथंच झाकून ठेवा. मुनीमजी पोरीच्या अभ्यासासाठी मागतील, त्यांना म्हणा दिवाळीनंतर.