व्हिमेंटिन आणि दाह: प्रोजेक्ट घेण्याआधी

नाशिकमध्ये मायक्रोबायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी. करताना दाहावर (इन्फ्लमेशनवर) प्रोजेक्ट घ्यायचा असेल, तर व्हिमेंटिनचा जरूर विचार करा. पेशीच्या सांगाड्यातलं हे ४६६ अमिनो आम्लांचं प्रथिन. २०१५ मध्ये दिसून आलं, की व्हिमेंटिन नसलेल्या उंदरांच्या फुप्फुसात एनएलआरपी३ इन्फ्लमासोम (धोका ओळखून दाह सुरू करणारा प्रथिनांचा संच) नीट कार्यरत होत नाही आणि आयएल-१ बीटा (दाह वाढवणारं संदेशवाहक प्रथिन) कमी तयार होतं. सांगाडा दाहाला हात देतो तो असा.

प्रयोगासाठी लागणारी टीएचपी-१ ही मानवी मोनोसाइटची (एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशीची) सेल लाइन पुण्याच्या एनसीसीएसमधून (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) मिळते. वाढत्या पेशींचा फ्लास्क मिडियमने गळ्यापर्यंत भरून साध्या तापमानालाच आणा, बर्फावर नको. या पेशी तरंगत वाढतात, त्यामुळे मिडियम बदलताना आधी सेंट्रिफ्यूज करा. नाहीतर पेशीच ओतून द्याल.

या पेशींपासून मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) बनवण्यासाठी पीएमए हे रसायन ५० नॅनोग्रॅम प्रति मि.ली., ४८ तास. मग २४ तास पीएमएशिवाय विश्रांती. ही विश्रांती टाळली, तर एलपीएस (जिवाणूच्या आवरणातला, दाह पेटवणारा घटक) न देताही टीएनएफ (आणखी एक दाहकारक प्रथिन) वर राहतं आणि फरक दिसत नाही. शिवाय मोनोसाइटचा मॅक्रोफेज होताना व्हिमेंटिन वाढतं, म्हणून तुलना एकाच टप्प्यावरच्या पेशींची हवी. पुढे इन्फ्लमासोम जागा करण्यासाठी एलपीएस १०० नॅनोग्रॅम प्रति मि.ली. ४ तास, नंतर नायजेरिसिन १० मायक्रोमोलर १ तास. त्याऐवजी एटीपी ५ मिलिमोलर चालतं, पण त्याचं द्रावण आम्लधर्मी असतं, पीएच ७.४ वर आणल्याशिवाय घालू नका.

सर्वाधिक वेळ वाया जातो तो वेस्टर्न ब्लॉटमध्ये (नमुन्यातलं ठरावीक प्रथिन पट्ट्याच्या रूपात दाखवणारी चाचणी). व्हिमेंटिनचे तंतू साध्या डिटर्जंटमध्ये विरघळत नाहीत. रिपा या डिटर्जंटयुक्त बफरमध्ये लायसेट (फोडलेल्या पेशींचं द्रावण) करून वरचं पाणी घेतलं, की बरंचसं प्रथिन तळाच्या गोळ्यातच राहतं आणि ‘व्हिमेंटिन कमी झालं’ असा खोटा निष्कर्ष निघतो. पेशी थेट गरम एसडीएस बफरमध्ये उकळा. बँड ५५ किलोडाल्टनच्या आसपास येतो. खाली शिडीसारखे पट्टे दिसले तर कॅल्पेन या एन्झाइमने प्रथिन तोडलंय, नमुना बर्फाविना रेंगाळला असणार. सूक्ष्मदर्शकासाठी उणे २० अंशांच्या मिथेनॉलने फिक्स केलं तर व्हिमेंटिन छान दिसतं, मात्र त्याच स्लाइडवर फॅलॉइडिनने सांगाड्यातलं दुसरं प्रथिन, अ‍ॅक्टिन रंगवता येत नाही. दोन्ही हवेत तर ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइड वापरा.

अश्वगंधेतलं विथाफेरिन-ए व्हिमेंटिनला चिकटतं, म्हणून ते वापरण्याचा मोह होतो. पण ते एनएफ-कप्पा-बी (दाहाची जनुकं चालू करणारं प्रथिन) सुद्धा दाबतं आणि मात्रा वाढली की पेशी मारतं. एकट्या विथाफेरिनवर निष्कर्ष बांधू नये, हे आमचं ठाम मत. जोडीला एसआयआरएनए (व्हिमेंटिनचं जनुक गप्प करणारा आरएनएचा तुकडा) हवंच. व्हिमेंटिन दीर्घायुषी असल्याने ते उतरायला ७२ तासही लागू शकतात.

बाहेरून रिकॉम्बिनंट (प्रयोगशाळेत दुसऱ्या पेशींकडून बनवून घेतलेलं) व्हिमेंटिन घालणार असाल, तर ते ई. कोलाय जिवाणूत बनवलेलं आहे का ते पाहा. त्यासोबत आलेलं एलपीएस स्वतःच दाह पेटवतं. तेच प्रथिन उकळून एक कंट्रोल ठेवा: परिणाम तसाच राहिला तर तो बहुधा एलपीएसचा, कारण ते उष्णतेला दाद देत नाही. दुसरा कंट्रोल एलपीएसला निष्प्रभ करणारं पॉलिमिक्सिन-बी घालून.

एलायझाला (प्रथिनाचं प्रमाण मोजणाऱ्या चाचणीला) आयएल-१ बीटासोबत त्याच नमुन्यातून टीएनएफही मोजा, आणि लायसेटमध्ये प्रो-आयएल-१ बीटाचा (त्याच्या अजून न तोडलेल्या मूळ रूपाचा) ब्लॉट करा. टीएनएफ आणि प्रो-रूप दोन्ही जागच्या जागी असून फक्त सुटलेलं आयएल-१ बीटा घटलं, तरच परिणाम इन्फ्लमासोमच्या टप्प्यावर आहे असं लिहिता येईल.