शैक्षणिक कर्ज डोक्यावर असताना धंदा: पहिल्या हप्त्याआधी काय करायचं

शैक्षणिक कर्जाचा पहिला हप्ता बहुतेक सरकारी बँकांत कोर्स संपल्यावर वर्षभराने पडतो. नोकरी शोधणाऱ्याला हे वर्ष पुरून जातं. धंदा काढणाऱ्याला पुरत नाही, कारण पहिल्या वर्षी गिऱ्हाईक जमतं, पैसा नाही. म्हणून हप्ता सुरू व्हायच्या निदान चार-सहा महिने आधी, हप्ता पुढे ढकलून मागायला, बँकेत जायचं.

त्याआधी आकडा मांडा. चार वर्षांची इंजिनिअरिंग, दर वर्षाच्या सुरुवातीला २ लाख उचल, व्याज १० टक्के. शिकतानाच्या आणि कोर्सनंतरच्या सवलतीच्या वर्षात सरळव्याज धरलं, तर पाचव्या वर्षाअखेर ते २ लाख ८० हजार होतं आणि परतफेड १० लाख ८० हजारांवर सुरू होते. १० वर्षांचा हप्ता साधारण १४,२७० रुपये, १५ वर्षांचा ११,६००. लांब मुदतीत एकूण पावणेचार लाख जास्त जातात, हे खरं. तरीही धंदेवाल्याने १५ वर्षंच घ्यावीत. हात मोकळा झाला की जास्तीची रक्कम भरून मुदत कमी करता येते, आणि बदलत्या व्याजदराच्या शैक्षणिक कर्जावर त्यासाठी दंड लागत नाही. मोठा हप्ता मागाहून लहान करून घेणं मात्र बँकेच्या मर्जीवर असतं.

आता फारसं कुणी न वाचलेलं कलम. भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत २०१५ च्या सुधारणेनंतर एक तरतूद आहे: पदवीनंतर स्टार्टअप काढणाऱ्याला इन्क्युबेशनच्या, म्हणजे धंदा उभा राहीपर्यंतच्या, काळापुरती हप्त्यातून सूट. उत्पन्नाबरोबर चढत जाणारे हप्तेही त्याच योजनेत सुचवलेले आहेत. मात्र ही मार्गदर्शक योजना आहे, कायदा नव्हे. बँकेने ती आपल्या धोरणात घेतली असेल तरच उपयोग. खासगी वित्तसंस्थेचं कर्ज असेल तर ती लागूच नाही. तिथे करारात असेल तेवढंच.

शाखेत तोंडी विचारलंत तर ‘असं काही नसतं’ हेच ऐकू येईल. लेखी अर्ज द्या. सोबत उद्यम नोंदणी किंवा कंपनी नोंदणीचं प्रमाणपत्र, इन्क्युबेटरचं, म्हणजे नव्या धंद्यांना आधार देणाऱ्या केंद्राचं, पत्र (आयआयटी मुंबईचं ‘साईन’, पुण्याचं व्हेंचर सेंटर, सीओईपीचं भाऊ इन्स्टिट्यूट अशांपैकी कुठे असाल तर), सहा महिन्यांचा बँक उतारा आणि पुढच्या १८ महिन्यांचा महिनावार जमाखर्च जोडा. किती महिने सूट हवी ते स्पष्ट लिहा. शाखेचा शिक्का घेऊन पोच ठेवा आणि अर्ज क्षेत्रीय कार्यालयाकडे पाठवण्याची विनंती त्यातच करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. पण सूट नाकारणं हा बँकेचा व्यावसायिक निर्णय, तो लोकपाल सहसा फिरवत नाही.

सूट फुकट नसते. वरच्या उदाहरणात एक वर्ष वाढलं की १ लाख ८ हजार व्याज चढतं आणि १५ वर्षांचा हप्ता १२,७७० च्या आसपास जातो. जमत असेल तर कोर्सनंतरच्या पहिल्या वर्षी नुसतं व्याज, म्हणजे महिना ६,६७० रुपये भरत राहा. थकबाकी पडल्यावर सूट मागितलीत तर ती अडचणीतली पुनर्रचना म्हणून सिबिलवर, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीवर, उमटू शकते. हप्त्याआधी मागायचं कारण हेच.

हप्ता धंद्याच्या चालू खात्यातून वळता करू नका. जीएसटी किंवा मालाचे पैसे गेले की नेमका तोच परत जातो. वेगळं बचत खातं ठेवा, त्यात कायम तीन हप्ते शिल्लक. तीनच का, याचं कारण साधं आहे: ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं. सहकर्जदार म्हणून सही करणाऱ्या आई-वडिलांचं सिबिलही सोबत बिघडतं.

मुद्रा या सरकारी योजनेतून धंद्यासाठी घेतलेल्या कर्जाचे पैसे या हप्त्याला लावायचा मोह होतो. तसं करू नका. ते कर्ज ठरल्या कामासाठीच असतं आणि पैसे कुठे गेले याचा खात्यावरून माग लागतो. शिवाय धंद्याचं कर्ज देताना बँक तुमचा शैक्षणिक हप्ता उत्पन्नातून वजा धरतेच. तो सुरू झालेला नसला तरी कर्ज अहवालात दिसतं.

करसवलतीचं थोडक्यात. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची ८०ई (१९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम) ही वजावट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. व्याज भरायला लागल्याच्या वर्षापासून आठ वर्षं मोजली जातात, तेव्हा उत्पन्न नसताना व्याज भरलंत तर ती वर्षं वाया जातात. पण २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सूट धरून कर शून्य होतो. बहुतेक नव्या उद्योजकांना ८०ई साठी जुनी पद्धत धरण्यात राम नाही. धंद्याचं उत्पन्न असणाऱ्याला पद्धत वारंवार बदलताही येत नाही, म्हणून पहिलं विवरणपत्र भरण्याआधी सीएला हे विचारून घ्या.