जुना सिनेमा पोरांना दाखवायचा असेल तर

शाळेतून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी दुपारी बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या माडीवर मी गल्लीतल्या पोरांना सिनेमा दाखवते. भिंतीला चादर, नातवाचा प्रोजेक्टर, परातभर भडंग. एकदा माझ्या लहानपणचा एक मराठी विनोदी सिनेमा लावला. त्यात एक लुंगीवाला अण्णा येतो, 'यंडुगुंडू' करत बोलतो आणि धपकन पडतो. पोरं खिदळली. मीही हसले. शेजारच्या कन्नड घरातला सात वर्षांचा पोरगा तेवढा गप्प होता. जिना उतरताना म्हणाला, "आज्जी, आम्ही असं बोलतो काय ओ?"

जन्म बेळगावात गेला आणि हे माझ्या ध्यानात येऊ नये! त्या दिवसापासून जुना सिनेमा लावायची माझी रीत बदलली.

आदल्या रात्री सिनेमा एकटीनं पूर्ण बघायचा. 'आपला बघितलेला आहे' हे कारण चालत नाही. लहानपणी ज्यावर हसलो, ते आपल्याला खुपलेलंच नसतं. वही घेऊन बसायचं आणि मिनिटं टिपायची. डिस्नेचा 'डम्बो' घ्या, सर्कशीतल्या हत्तीच्या पिल्लाचा. 1941 चा, फक्त 64 मिनिटांचा. सगळे त्यातल्या कावळ्यांबद्दल बोलतात, आणि ते खरंच आहे: म्होरक्या कावळ्याचं कागदोपत्री नाव 'जिम क्रो', म्हणजे अमेरिकेत काळ्यांना वेगळं ठेवणारे कायदे ज्या नावानं ओळखले जात तेच, आणि आवाज दिला एका गोऱ्या नटानं. पण माझ्या वहीत खूण आहे ती तंबूच्या प्रसंगापाशी. रात्र, धो धो पाऊस, काळे मजूर खुंट्या ठोकताहेत. त्यांना चेहरेच काढलेले नाहीत. आणि गाण्यात सांगताहेत की आम्ही लिहायवाचायला शिकलो नाही. हत्तींना चेहरे आहेत, बघा.

टिपलेला तुकडा पळवून पुढं नेऊ नका. पोरं हुशार असतात, "काय होतं ते?" विचारतातच. कंपन्यांनीही हे करून बघितलंय. 1940 च्या 'फँटेजिया'त एक काळी, निम्मी घोडी निम्मी मुलगी, गोऱ्या मैत्रिणीचे खूर घासत असते. 1969 साली सिनेमा पुन्हा लागला तेव्हा ती कापून टाकली. आता तिथं काय होतं हे पोराला दाखवून सांगायची सोय राहिली नाही.

डिस्ने प्लसवर 2020 ते 2025 अशा सिनेमांच्या आधी पाटी यायची: हे चित्रण तेव्हाही चूक होतं, आताही चूक आहे. पाटी बरी होती. पण ती इंग्रजीत, आणि माझी निम्मी पोरं मराठी शाळेतली, उरलेली कन्नड. म्हणून मी तेच मराठीत सांगते, थोरल्या पोरीकडून कन्नडमध्ये सांगून घेते. दोनच वाक्यं. भाषण ठोकलं की पोरं भडंगाकडं वळतात.

बसायचं पडद्याकडं तोंड करून नाही, कडेला, पोरांचे चेहरे दिसतील असं. कोण हसतंय, कोण हसायचं थांबलं. सिनेमा मधे थांबवायचा नाही. कुणाचा चेहरा पडला तरच थांबवायचा. संपल्यावर विचारायचं, "त्या माणसांना चेहरे का नसतील?" एवढंच, आणि गप्प बसायचं. ज्या जातीची, भाषेची टिंगल झाली त्या घरचं पोर समोर असेल तर त्याला मुळीच विचारायचं नाही. पाच-सहा वर्षांच्या आतल्यांना हे सिनेमे नकोतच.

आता 'सॉंग ऑफ द साउथ'. 1946 चा. अमेरिकेत तो घरी बघायला विकत कधीच निघाला नाही, आणि पाटी लावूनसुद्धा डिस्ने प्लसवर येणार नाही असं कंपनीच्या प्रमुखांनी 2020 साली सांगितलं. त्यात गुलामीतून नुकत्याच सुटलेल्या काळ्या माणसांचं जगणं गोडगोड करून दाखवलंय. माझ्या माडीवर तो मी लावणार नाही. पण कपाटात कोंडायला मात्र माझा विरोध आहे. त्यातल्या कामासाठी काळे नट जेम्स बास्केट यांना खास ऑस्कर मिळालं, आणि त्याच सिनेमाच्या अटलांटातल्या पहिल्या खेळाला, तिथल्या काळ्या-गोऱ्यांच्या भेदामुळं, त्यांना जाता आलं नव्हतं. सिनेमाच बघायला मिळत नसेल तर मोठ्यांनी हे कुठल्या पडद्यासमोर बसून समजून घ्यायचं?

एक काम राहिलं. चूक आपल्या हातून झाली तर त्या घरी जाऊन सांगायचं. मी दुसऱ्याच दिवशी वाटीभर कुंदा घेऊन शेजारी गेले, झालं ते सगळं सांगितलं, मी हसले तेही. पोराची आई क्षणभर माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "इरली बिडरी, आज्जी." म्हणजे, असू दे हो. आणि मागून विचारलं, हत्तीचा सिनेमा आहे का, त्याला हत्ती फार आवडतात.