रक्त काढताना सुई आणि संसर्ग यांपासून कसे जपावे

रक्त काढताना सुई टोचण्याचे बरेचसे अपघात नमुना घेऊन झाल्यावर होतात. म्हणून तयारीची सुरुवात सुया टाकायच्या डब्यापासून करा. डबा जाड, सुई आरपार न जाणारा हवा आणि बसल्या जागेवरून हात पोचेल इतका जवळ हवा. तीन चतुर्थांश भरला असेल, तर आधीच बदला.

१. रुग्णाला त्याचे पूर्ण नाव त्याच्याच तोंडून सांगायला लावा. “तुम्ही अमुकच ना?” असे विचारले, की घाबरलेला माणूस नुसती मान डोलावतो.

२. हात धुवा, नवे हातमोजे घाला. प्रत्येक रुग्णागणिक जोडी बदला.

३. टूर्निकेट (शीर फुगावी म्हणून हाताला आवळून बांधायचा पट्टा) टोचायच्या जागेच्या चार-पाच बोटे वर बांधा, शीर चाचपा. एका मिनिटाहून जास्त वेळ बांधून ठेवल्यास तपासणीचे आकडे बिघडू शकतात.

४. ७० टक्के अल्कोहोलने जागा ३० सेकंद पुसा आणि पुढची ३० सेकंद वाळू द्या. घाई इथेच नडते. ओल्या कातडीत सुई घातली तर आग होते, जंतू पुरते मरत नाहीत, आणि अल्कोहोल नमुन्यात गेले तर रक्तपेशी फुटतात. फुंकर मारू नका. पुसल्यावर शीर पुन्हा चाचपली, तर परत पुसा.

५. सुई ३० अंशांपेक्षा कमी तिरकी घाला. रक्त पुरेसे आले, की आधी टूर्निकेट सोडा, मग सुई काढा. उलट केले तर रक्त कातडीखाली पसरते. कोरडा कापूस सरळ हातावर दाबून धरायला सांगा, कोपर दुमडू देऊ नका.

६. सुई लगेच डब्यात टाका. टोपण परत लावायचे नाही, सुई वाकवायची नाही. नळ्यांवर नाव रुग्णासमोरच लिहा.

सुई टोचलीच, तर जखम साबण-पाण्याने धुवा. पिळू नका, ब्लीच लावू नका. लगेच वरिष्ठांना कळवा. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, फार तर ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. हेपेटायटिस बीचा विषाणू तर वाळलेल्या रक्तातही सात दिवस टिकू शकतो. या कामाला हात घालण्यापूर्वीच त्याची लस पूर्ण करून घ्या.