बसून फ्लेमिंगोचे फोटो काढताय? लेन्स टेकवायचं आधी बघा

नेरूळला टीएस चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेजवळच्या पाणथळीपाशी बसूनच फोटो काढायचे असतील तर भला मोठा ट्रायपॉड कशाला वागवताय, मोनोपॉड (एकाच पायाचा स्टँड) घ्या, पण घेताना दुकानातच खाली मांडी घालून बघा, काही मोनोपॉड पूर्ण बंद केले तरी कॅमेरा लावल्यावर डोळ्याच्या वरच जातात. कोपर गुडघ्याच्या वाटीवर टेकवू नका हां, हाडावर हाड घसरतं, कोपराच्या वरचा दंडाचा मांसल भाग टेकवायचा. कठडा असेल तर लेन्सखाली ठेवायची बीनबॅगच भारी, जुन्या जीन्सचा पाय शिवून तांदूळ भरा, पण गच्च नाही, थोडी ढिली असली की लेन्स रुतून बसते. ऐरोलीच्या फ्लेमिंगो दाखवणाऱ्या बोटीत मात्र कशावरच टेकवू नका, इंजिनची थरथर थेट फोटोत येते. आणि भरतीची वेळ बघून जा, ओहोटीला पक्षी लांब खाडीत चिखलावर असतात.