रेकॉर्ड रूमची चावी हातात आली तर

ग्वाल्हेरमधल्या केंद्र सरकारच्या एका कार्यालयात मी लिपिक म्हणून लागले आणि तिसऱ्याच महिन्यात रेकॉर्ड रूम, म्हणजे जुन्या फाइलींची खोली, माझ्याकडे आली. शहराच्या लश्कर भागातल्या आमच्या वाड्यातल्या काकू आईला म्हणाल्या, "पोरीला अडगळीत टाकलं की हो!" मलाही तसंच वाटलं होतं. आज नव्यानं लागलेल्यांना मी उलट सांगते, मिळत असेल तर पहिली दोन वर्षं तिथेच काढा.

माझं मत बदललं ते एका सर्व्हिस बुकामुळे, म्हणजे कर्मचाऱ्याच्या सेवेच्या नोंदींच्या पुस्तकामुळे. आमच्याच कार्यालयातून निवृत्त झालेल्या एका शिपाईकाकांचं पेन्शन अडलं होतं. मधल्या चार वर्षांच्या सेवेची पडताळणीच पुस्तकात नोंदलेली नव्हती. खरं तर 18 वर्षं सेवा झाल्यावर आणि निवृत्तीला 5 वर्षं उरल्यावर ही पडताळणी करायची, असं नियमांतच आहे. कुणी केली नाही. त्या वर्षांचं पगारबिलांचं रजिस्टर कुठल्या गठ्ठ्यात आहे हे माहीत असलेले बाबूही निवृत्त झालेले. अकरा दिवस आम्ही गठ्ठे सोडत होतो. काका रोज यायचे आणि नोकरीत असताना ज्या स्टुलावर बसायचे, त्यावरच बसून राहायचे. रजिस्टर सापडलं ते 'किरकोळ' लिहिलेल्या बस्त्यात, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यात. कोपरा वाळवीनं खाल्लेला, आकडे मात्र शाबूत. हे रजिस्टर 35 वर्षं का ठेवायचं असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

तेव्हापासून माझ्या खोलीत 'किरकोळ', 'विविध', 'जनरल' हे शब्द बंद आहेत. फाइलीच्या नावात विषय, कुणाचा, कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, एवढं आलंच पाहिजे. ई-ऑफिस आलं, फाइली संगणकावर गेल्या, तरी हे सुटत नाही. वाईट नावाची फाइल स्कॅन केली तरी ती हरवलेलीच राहते.

कोणती फाइल किती काळ ठेवायची, ही वर्गवारीही फाइल बंद करतानाच करून घ्या, आणि ज्यानं ते प्रकरण हाताळलं त्याच्याकडूनच. अ आणि ब वर्ग कायमचे, क वर्ग ठरावीक मुदतीचा, जास्तीत जास्त 10 वर्षं. पाच वर्षांनी रेकॉर्ड रूमच्या लिपिकानं अंदाजानं अक्षर टाकायचं, हा अन्याय आहे.

2021 पासून दर ऑक्टोबरात स्वच्छतेची विशेष मोहीम असते. मोहीम चांगलीच आहे, पण त्या घाईत रद्दीवाल्याला बोलवायच्या आधी 1993 चा सार्वजनिक अभिलेख कायदा आणि 1997 चे नियम वाचा. 25 वर्षांहून जुना कागद, तो जपण्याजोगा आहे का याचं मूल्यमापन झाल्याशिवाय नष्ट करता येत नाही, आणि 1892 च्या आधीचा तर जवळजवळ नाहीच. बेकायदा नष्ट केल्यास 5 वर्षांपर्यंत कैद किंवा 10 हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. माहिती अधिकारात 30 दिवसांत उत्तर द्यायचं असतं, तेही फाइलींची सूची असेल तरच जमतं.

आता प्रशिक्षणाचं. सभागृहात पडद्यावर दाखवलेलं दुसऱ्या दिवशी कुणाच्या लक्षात राहत नाही. आम्ही दर शुक्रवारी अर्धा तास रेकॉर्ड रूममध्येच ठेवला. दुसऱ्या शाखेतल्या कुणाला तरी बोलवायचं, चिठ्ठीवर विषय लिहून द्यायचा, सूची हातात द्यायची आणि बाजूला उभं राहायचं. पाच मिनिटांत फाइल मिळाली नाही तर चूक सूचीची. ती तिथल्या तिथे सुधारायची. आमचे दफ्तरी, म्हणजे फाइली बांधून सांभाळणारे कर्मचारी, सगळ्यांना बस्ता बांधायला शिकवायचे. टाचणी नाही, गंजते. गाठ वर, नावाची चिठ्ठी समोर. रॅक भिंतीपासून हातभर लांब, खालचा कप्पा जमिनीपासून वर. "बेटा, फाइल काढलीस की तिच्या जागी मागणीची स्लिप ठेव, नाहीतर ती गेलीच समज," हे त्यांचं वाक्य मी अजून प्रत्येक नव्या मुलाला ऐकवते.

दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात अभिलेख व्यवस्थापनाचे छोटे अभ्यासक्रम चालतात. कार्यालयाकडून नाव पाठवून घ्या, मागे लागून घ्या. भोपाळला त्यांचं प्रादेशिक कार्यालय आहे, तिथेही विचारता येतं.

आणि चार्ज घेताना नुसती चावी घेऊ नका, बस्त्यांची यादी मागा. यादी नसेल तर 'यादी मिळाली नाही' असं चार्ज रिपोर्टमध्ये लिहा आणि मगच सही करा.