नदीत मासे मेलेले दिसले तर लगेच काय काय करायचं

उन्हाळा तापला की पंचगंगेवर तेरवाड बंधाऱ्याजवळ नाहीतर कृष्णेत सांगलीच्या आसपास, कुठून ना कुठून मेलेल्या माशांचे फोटो ग्रुपवर यायला लागतात. मार्च 2023 मध्ये अंकलीजवळ तर कृष्णेत अक्षरशः खच पडला होता. दरवेळी लोक चिडतात, बातमी येते आणि दोन दिवसांत पाणी पुढे गेलं की हातात काहीच उरत नाही. कायदा आपल्याकडे आहे आणि चांगला कडक आहे, पण तो चालतो पाण्याच्या नमुन्यावर, आणि नमुना वेळेत घेतला गेला नाही की पुढचं सगळंच लटकतं, म्हणून नदीकाठच्या गावात निदान दोन-चार जणांना तरी ही पद्धत माहीत पाहिजे.

आधी मासे आणि पाणी नीट बघा. मळीचं पाणी किंवा शहराचं सांडपाणी नदीत आलं की त्यातली घाण कुजवणारे जिवाणू पाण्यातला ऑक्सिजन संपवून टाकतात, पहाटे तो सगळ्यात कमी असतो, म्हणून मासे बहुतेक वेळा पहाटे तडफडायला लागतात, तोंड वर काढून हवा घेतात. अशा वेळी आधी मोठे मासे जातात, रोहू-कटला मरतात पण मरळ, मागूर बऱ्याचदा तगतात, कारण ते वरची हवा घेऊ शकतात. उलट मरळीसकट बारकी पिल्लं, झिंगे सगळंच एकदम मेलं असेल आणि भर दुपारी मेलं असेल तर विषारी केमिकल किंवा कीटकनाशकाचा संशय धरा. हा आपला अंदाज झाला, तक्रारीत अमक्या कारखान्याने केलं असं लिहू नका, डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहा: पाण्याचा रंग, वास, फेस, तवंग, कुठल्या नाल्यापासून खाली मासे मेलेत आणि त्याच्या वर जिवंत आहेत का. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, थोडं चालत वरच्या बाजूला जाऊन बघाच. फोटो-व्हिडिओ तारीख, वेळ आणि लोकेशन उमटणाऱ्या ॲपने काढा.

आणि ते मासे कुणाला खाऊ देऊ नका, बाजारात तर अजिबात जाऊ देऊ नका. फुकट मिळाले म्हणून लोक पोती भरून नेतात ते बघवत नाही.

मग लगेच प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला फोन आणि पाठोपाठ ईमेल, नुसत्या फोनवर थांबू नका कारण फोनची पोच मिळत नाही. ईमेलची प्रत जिल्हाधिकारी, जिल्ह्याचं मत्स्यव्यवसाय कार्यालय आणि पाटबंधारे विभागाला टाका. पाटबंधारेला का, तर मासे मेले की वरून पाणी सोडायची नाहीतर बंधाऱ्याचे बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, काढायची घाई होते, घाण खालच्या गावाला जाते आणि पुरावाही. नमुने झाल्याशिवाय बर्गे काढू नका असं स्पष्ट लिहा. तलाठी, ग्रामसेवकांना बोलावून पंचनामा मागा, मासेमारी करणाऱ्या भोई कुटुंबातलं कुणीतरी पंच म्हणून असलं तर फारच चांगलं, त्यांच्याइतकी नदी कुणाला कळत नाही.

आता नमुना. इथे घोळ होतो म्हणून जरा सविस्तर सांगतो. तीन जागा मागा: नाल्याच्या वर, नाल्याच्या तोंडाशी आणि खाली जिथे मासे मेलेत तिथे. ऑक्सिजन जागेवरच मोजला पाहिजे, एकतर मीटरने नाहीतर काचेच्या बाटलीत हवेचा बुडबुडा न ठेवता पाणी भरून त्यात तिथल्या तिथे रसायनं घालून तो पक्का करून. कॅनमध्ये पाणी भरून संध्याकाळी लॅबला नेलं तर येणाऱ्या आकड्याला काही अर्थ नाही. समोर अधिकारी असतील तर आकडा विचारा आणि पंचनाम्यात लिहायला लावा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मासे आणि वन्यजीवांसाठीच्या पाण्यात लिटरला किमान 4 मिलिग्रॅम ऑक्सिजन आणि पीएच 6.5 ते 8.5 हवा. मासे तपासायला द्यायचे तर अजून धापा टाकणारे घ्या आणि बर्फात ठेवा, फुगून वर आलेल्या माशातून काही कळत नाही. कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना मात्र 1974 च्या जल कायद्यातल्या कलम 21 प्रमाणे मंडळाच्याच अधिकाऱ्याने रीतसर घेतलेला, सील केलेला लागतो, आपण बाटलीत भरून नेलेला कोर्टात टिकत नाही. म्हणून त्यांनी येणं गरजेचं, आणि येईपर्यंत दर तासाला फोन करायला लाजू नका.

तक्रारीच्या अर्जात दोन कलमं नक्की टाका. त्याच कायद्याचं कलम 24, नदीत विषारी किंवा प्रदूषक पदार्थ जाऊ द्यायला मनाई, आणि हे कारखान्याइतकंच नगरपालिकेच्या सांडपाण्यालाही लागू आहे, हे लोक विसरतात. दुसरं कलम 33अ, ज्याखाली मंडळ उद्योग बंद करायचे, वीज-पाणी तोडायचे आदेश देऊ शकतं. सुरुंग लावून किंवा विष टाकून कुणी मासे मारले असतील तर तो वेगळा गुन्हा आहे, 1897 च्या मत्स्य कायद्यापासून त्याला बंदी आहे, तिथे सरळ पोलिसांत जा. पहिल्या पावसात चढणीचे मासे अंडी घालायला वर जातात तेव्हा असं केलं की पुढची पिढीच संपते.

आठवडाभरात माहिती अधिकारात अर्ज टाका, फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. मागायचं काय तर तपासणी अहवाल, नमुन्यांचे निकाल, त्या भागातल्या उद्योगांना मंडळाने दिलेली संमतीपत्रं आणि कुणाला बजावलेल्या नोटिसा. संमतीपत्रातल्या अटी शांतपणे वाचा, सांडपाणी अजिबात बाहेर सोडायचं नाही अशी अट असेल आणि नाल्याला काळं पाणी असेल तर तुमची अर्धी केस तिथेच तयार आहे.

एवढं करूनही हललं नाही तर राष्ट्रीय हरित लवाद, म्हणजे पर्यावरणाच्या तक्रारींचं न्यायालय. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यातच आहे आणि वकिलाशिवाय स्वतःही बाजू मांडता येते. लवादाच्या कायद्यातल्या कलम 14 खालचा अर्ज सहा महिन्यांच्या आत करायचा, कलम 15 खाली नुकसानभरपाई आणि नदी पूर्ववत करण्यासाठी पाच वर्षांपर्यंत. भरपाई मागायची असेल तर मासेमारी करणाऱ्यांची रोजची पकड, विक्रीच्या चिठ्ठ्या, मच्छीमार सोसायटीच्या वहीतल्या नोंदी आधीपासून जपून ठेवायला सांगा, मासे मेल्यावर जुना हिशोब जमवायला गेलं की फार अवघड जातं.